महदवी पंथ

भारतातील एक इस्लामी पंथ. जगाच्या अंतापूर्वी येणारा ईश्वरप्रेरित मार्गदर्शक, म्हणजे महदी, हा जौनपूरचे सय्यद मुहंमद (१४४३–१५०५) यांच्या रूपाने प्रकट होऊन गेला, अशी ह्या पंथाची मूलभूत श्रद्धा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेत ह्या पंथाला आकार आला व सोळाव्या शतकात त्याचा प्रसार गुजरात, राजस्थान, सिंध, माळवा आणि दख्खन ह्या प्रदेशांत झाला. वैराग्य आणि समता ह्यांचा पुरस्कार करणाऱ्या ह्या पंथाला अनेकदा राजसत्तेचा रोष पतकरावा लागला. मात्र अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाहीत जमालखान ह्या महदवी सरदाराच्या हाती १५८९ मध्ये सत्ता आली आणि सु. दोन वर्षे हा पंथ त्या राज्याचा राजधर्म बनला. १५९१ मध्ये रोहिणखेडच्या लढाईत जमालखान मारला गेला, त्यानंतर महदवींची कत्तल झाली व निजामशाहीतून पंथाचे प्रकट अस्तित्व नाहीसे झाले. महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासातील हे एक अल्पपरिचित, परंतु धर्म व राजसत्ता ह्यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारे प्रकरण आहे.

महदीची संकल्पना : ‘महदी’ ह्या अरबी शब्दाचा अर्थ ‘ईश्वराने ज्याला योग्य मार्ग दाखविला आहे असा’. कुराणात महदीचा नामनिर्देश नाही; तथापि अबू दाऊद, तिर्मिझी इत्यादींच्या हदीससंग्रहांत त्यासंबंधीच्या परंपरा आढळतात. त्यांनुसार कयामतीपूर्वी जगात अन्याय पराकोटीला जाईल, प्रेषितांच्या कुळातील व त्यांचेच नाव धारण करणारा एक पुरुष प्रकट होईल आणि तो पृथ्वीवर न्यायाची पुनःस्थापना करील. कलियुगाच्या अंती येणाऱ्या कल्की अवताराच्या कल्पनेशी ह्या संकल्पनेचे वरवरचे साम्य आहे. सुन्नींच्या मते महदी भविष्यात जन्मास यावयाचा आहे. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या मते मात्र नवव्या शतकात अदृश्य झालेले बारावे इमाम हेच महदी होत व ते पुन्हा प्रकट होतील. हा भेद दख्खनच्या इतिहासात पुढे महत्त्वाचा ठरला. कारण जौनपूरच्या एखाद्या सत्पुरुषाने आपण महदी असल्याचे सांगणे सुन्नी उलेमांना अमान्य होते, तर शियांच्या दृष्टीने तो त्यांच्या इमामाच्या स्थानावरच सांगितलेला हक्क होता.

इस्लामी जगात महदीपदाचे दावे अधूनमधून पुढे आले आहेत. बाराव्या शतकात मोरोक्कोत इब्न तूमर्त ह्याने आणि एकोणिसाव्या शतकात सुदानमध्ये मुहंमद अहमद ह्याने केलेल्या अशा दाव्यांतून राज्ये उभी राहिली. सय्यद मुहंमद यांनी मात्र राज्य स्थापन करण्याचा प्रयत्न केला नाही.

संस्थापक : सय्यद मुहंमद यांचा जन्म शर्की सुलतानांची राजधानी असलेल्या जौनपूर येथे १४४३ मध्ये झाला. अल्पवयातच त्यांनी धर्मशास्त्रात प्रावीण्य मिळविले आणि शेख दानियाल ह्यांच्याकडून सूफी मार्गाची दीक्षा घेतली. शर्की सत्ता मोडकळीस आल्यानंतरच्या काळात त्यांनी कुटुंबीय व शिष्य ह्यांसह जौनपूर सोडले. पांथिक परंपरेनुसार कालपी, चंदेरी, मांडू, चांपानेर, बऱ्हाणपूर, दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा व विजापूर अशी भ्रमंती करीत ते कोकणातील दाभोळ बंदरात आले व तेथून जहाजाने मक्केस गेले. तेथे हिजरी ९०१ (१४९५-९६) मध्ये त्यांनी आपण महदी असल्याचे प्रथम घोषित केले. भारतात परतल्यावर अहमदाबाद येथे आणि १४९९ च्या सुमारास पाटणजवळील बडली येथे त्यांनी ह्या घोषणेचा पुनरुच्चार केला. बडली येथील घोषणा निर्णायक मानली जाते. त्यानंतर उलेमांच्या आग्रहावरून त्यांना गुजरात सोडावे लागले. सिंधमधील ठठ्ठा व पुढे कंदाहारमार्गे ते फराह येथे (सध्या अफगाणिस्तानात) पोहोचले आणि तेथेच १५०५ मध्ये त्यांचे निधन झाले.

महदीच्या हयातीत जगाचा अंत झाला नाही आणि पृथ्वीवर न्यायाचे राज्यही आले नाही. मग हे महदी कसे, असा प्रश्न विरोधकांनी उपस्थित केला. महदीच्या वडिलांचे नाव अब्दुल्ला असावे, ह्या परंपरेवरूनही वाद झाला; सय्यद मुहंमद यांच्या वडिलांना सय्यदखान म्हणत, असे विरोधकांचे म्हणणे होते, तर त्यांचे मूळ नाव अब्दुल्लाच होते, असे अनुयायी सांगत. मुख्य आक्षेपाला पंथाने दिलेले उत्तर असे, की महदी आला आणि गेला. त्याचे कार्य पृथ्वी जिंकण्याचे नव्हते, तर माणसाला ईश्वरदर्शनाचा मार्ग खुला करून देण्याचे होते. अशा रीतीने जगाच्या अंताची अपेक्षा अंतर्मुख झाली. प्रत्येक अनुयायाने आपला अंत जवळ आला आहे असे मानून संसारातून मन काढून घ्यावे, हे पंथाचे मुख्य सूत्र बनले.

शिकवण व दायरा : सय्यद मुहंमद यांनी शरीअत नाकारली नाही. तिच्या जोडीला त्यांनी काही आंतरिक कर्तव्ये अनिवार्य ठरविली. संसारत्याग, सत्पुरुषांची संगत, एकांत, ईश्वरावर सर्वस्वी भरवसा, अखंड नामस्मरण (झिक्र), ईश्वरदर्शनाची तळमळ आणि धर्मासाठी स्थलांतर (हिजरत) ही ती कर्तव्ये होत. ह्याच जन्मी, ह्याच देही ईश्वराचे दर्शन होऊ शकते, ही शिकवण सामान्य माणसाला विशेष आकर्षित करणारी होती. त्यांची वचने व आचार ह्यांचे संकलन शिष्यपरंपरेतील मियाँ वली यांच्या इन्साफनामा ह्या ग्रंथात आढळते.

ह्या शिकवणीला अनुसरून राहणाऱ्या समूहाला ‘दायरा’ (वर्तुळ) म्हणत. दायरा बहुधा गावाबाहेर कुडाच्या झोपड्यांचा असे. त्यात राहणाऱ्याने जमीनजुमला, नेमणूक वा वेतन स्वीकारू नये, असा दंडक होता. न मागता जे दान येईल ते ‘सवियत’ ह्या पद्धतीने सर्वांत समान वाटले जाई आणि दायऱ्याचा प्रमुखही त्यास अपवाद नसे. जे संसारात राहून धंदा वा नोकरी करीत, त्यांनी मिळकतीचा दहावा हिस्सा (उश्र) द्यावा, असा नियम होता. अकबरकालीन इतिहासकार बदाऊनी ह्याने बयाना (राजस्थान) येथील महदवींचे वर्णन आदराने केले आहे. रात्री घरातील मीठ, पीठ व पाणीसुद्धा उद्यासाठी न ठेवता ते भांडी पालथी घालून झोपत, असे तो सांगतो. मात्र हेच लोक सदैव शस्त्रे बाळगीत व गावात निषिद्ध कृत्य दिसल्यास प्रसंगी बळाचा वापर करून ते थांबवीत, असेही त्याने नमूद केले आहे. उद्याच्या पिठाची तरतूद न करणारा, पण तलवार जवळ ठेवणारा हा समाज होता. पंथाच्या पुढील इतिहासाचे बीज ह्या दुहेरी वृत्तीत आढळते.

प्रसार व छळ : संस्थापकांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र सय्यद महमूद आणि त्यांच्यामागून जामात सय्यद खुंदमीर यांनी पंथाचे नेतृत्व केले. गुजरातेत पंथाचा प्रभाव वाढू लागताच उलेमांनी सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे तक्रारी केल्या. १५२४ मध्ये शाही फौजेशी झालेल्या संघर्षात खुंदमीर आपल्या अनेक अनुयायांसह मारले गेले. ह्या हौतात्म्याला महदवींच्या स्मृतीत मोठे स्थान आहे.

उत्तरेत सूर घराण्याच्या इस्लामशहाच्या कारकीर्दीत (१५४५–५४) बयानाचे शेख अलाई हे पंथाचे प्रभावी प्रचारक होते. मखदूम-उल्-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी ह्या दरबारी धर्मशास्त्र्याने त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. त्यांना दख्खनच्या सीमेवरील हांडिया येथे हद्दपार करण्यात आले. परंतु तेथील सुभेदार व त्याचे सैनिकच त्यांचे अनुयायी बनले. अखेरीस १५५० च्या सुमारास त्यांना पुन्हा दरबारात आणून फटक्यांची शिक्षा देण्यात आली. आजाराने व जखमेने खंगलेले शेख अलाई तिसऱ्याच फटक्याला मरण पावले. महदी हा पृथ्वीचा राजा होईल, अशी परंपरा असल्यामुळे महदीचा अनुयायी हा राजाचा संभाव्य शत्रू होय, असा युक्तिवाद अशा खटल्यांतून पुन्हा पुन्हा केला गेला.

प्रत्याघातही हिंसक होता. पाटणचे धर्मपंडित मुहंमद ताहिर यांनी महदवींचा नायनाट होईपर्यंत डोक्याला पागोटे न बांधण्याची शपथ घेतली होती. गुजरात जिंकल्यावर अकबराने स्वतः त्यांना पागोटे बांधले. परंतु पुढे तक्रार घेऊन दरबाराकडे जात असता १५७८ मध्ये उज्जैनच्या परिसरात महदवींनी त्यांचा वध केला.

निजामशाहीतील प्रवेश : जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने बहमनी सत्तेपासून फुटून १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. तत्पूर्वीच त्याने शिवनेरी, लोहगड, तुंग, तिकोना आणि मुळशी तालुक्यातील कोरीगड हे पुणे प्रदेशातील किल्ले हस्तगत केले होते. मावळखोऱ्यांसह हा सारा डोंगरी मुलूख शतकाहून अधिक काळ निजामशाहीचा भाग होता व त्यातील किल्ल्यांचा उपयोग राजबंद्यांना ठेवण्यासाठीही होई.

सय्यद मुहंमद अहमदनगरला आले असता निपुत्रिक मलिक अहमदाने त्यांचा आशीर्वाद घेतला व त्यामुळे त्याला बुऱ्हाण हा पुत्र झाला, अशी कथा महदवी परंपरेत आहे. तथापि १५१० च्या सुमारास गादीवर आला तेव्हा बुऱ्हाण अवघा सात वर्षांचा होता आणि सय्यद मुहंमद तर १४९५ च्या आसपास मक्केस गेले होते. त्यामुळे ही कथा कालदृष्ट्या जुळत नाही. मात्र पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या (कार. १५१०–५३) पूर्वार्धात महदवींना दरबारी अनुग्रह लाभला होता, ह्या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब तीत दिसते. संस्थापकांच्या निकटच्या शिष्यांपैकी शाह नेमत यांना आपल्या साथीदारांसह लोहगड येथे हौतात्म्य आले, असे महदवी परंपरा मानते. मावळच्या डोंगरांशी पंथाचा आलेला हा आरंभीचा संबंध होय.

पुढे शाह ताहिर ह्या इराणी विद्वानाच्या प्रभावाखाली बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया मत स्वीकारले व बारा इमामांच्या नावे खुत्बा सुरू केला. दरबारातील महदवींचे महत्त्व संपले; परंतु सैन्यातील त्यांचे अस्तित्व टिकून राहिले. ह्याला दख्खनमधील गटबाजीचे कारण होते. बहमनी काळापासून येथील मुसलमान उमरावांत दोन तट होते. इराण, इराक, मध्य आशिया इ. प्रदेशांतून आलेले ‘परदेशी’ (आफाकी) हे बहुतांशी शिया असून त्यांच्याकडे मोठी पदे होती. येथेच जन्मलेले ‘दख्खनी’ आणि त्यांच्या बाजूस असलेले हबशी सरदार ह्यांना त्यांचा मत्सर वाटे. दख्खनी सैनिकांपैकी काहींना महदवी पंथ जवळचा वाटला, ह्यात नवल नाही. त्याचा महदी ह्याच भूमीत जन्मला होता आणि त्याच्या दायऱ्यात वंश वा मायदेश ह्यांवरून उच्चनीचता नव्हती.

हिजरी सहस्रक : हिजरी सनाचे एक हजारावे वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू व्हावयाचे होते. इस्लामला सहस्र वर्षे पूर्ण होत असता जगात मोठी उलथापालथ होईल, अशी अपेक्षा इराणपासून भारतापर्यंत पसरली होती. अकबराने त्या निमित्ताने तारीख-इ-अल्फी (‘अल्फ’ म्हणजे हजार) हा इतिहास लिहविला. महदवींची श्रद्धा मुळात ह्या वर्षाशी बांधलेली नव्हती, कारण त्यांचा महदी नव्वद वर्षांपूर्वीच येऊन गेला होता. तरीही निजामशाहीतील घटना ह्या अपेक्षेने भारलेल्या वातावरणात घडल्या. महदीच्या नावाने चालणारे राज्य सहस्रकाच्या उंबरठ्यावर प्रत्यक्ष अस्तित्वात आले, ही गोष्ट अनुयायांना ईश्वरी संकेतासारखी वाटणे स्वाभाविक होते.

जमालखानाचा उदय : मुर्तझा निजामशहा (कार. १५६५–८८) हा उत्तरायुष्यात भ्रमिष्ट झाला होता. जून १५८८ मध्ये त्याचा पुत्र मीरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडून ठार मारले व स्वतः गादी बळकाविली. दहा महिन्यांतच त्याचे मुख्य वजीर मिर्झाखान ह्या परदेशी सरदाराशी वितुष्ट आले. मिर्झाखानाने त्याला कैद केले आणि लोहगडावर बंदीत असलेल्या राजपुत्रांपैकी इस्माईल ह्या अल्पवयीन मुलास गादीवर बसविले. इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा मुर्तझाचा भाऊ असून तो त्या वेळी अकबराच्या आश्रयास होता.

ही वार्ता पसरताच महदवी सरदार जमालखान याने दख्खनी व हबशी सैनिकांना गोळा करून अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला व आपला राजा दाखविण्याची मागणी केली. नगरवासीयही त्याला मिळाले. मिर्झाखानाने हुसेनचा शिरच्छेद करून त्याचे मस्तक तटावरून बाहेर दाखविले. जमाव पांगण्याऐवजी अधिकच प्रक्षुब्ध झाला. दरवाजा जाळून लोक आत शिरले. मिर्झाखान जुन्नरकडे पळाला, पण पकडला जाऊन मारला गेला. त्यानंतर काही दिवस राजधानीत परदेशीयांची कत्तल चालू होती. अधिकारी, व्यापारी, विद्वान असा भेद न करता शेकडो लोक मारले गेले व त्यांची घरे लुटली गेली. काही हबशी सरदारांच्या मध्यस्थीने थोड्यांचे प्राण वाचले. कत्तलीचे मूळ कारण दख्खनी–परदेशी वैर हे होते. परंतु मारणाऱ्यांचा पुढारी महदवी व मेलेल्यांपैकी बहुसंख्य शिया असल्यामुळे तिला पंथद्वेषाचा रंग आला. महदवी राजवटीचा आरंभच असा रक्तपाताने झाला.

महदवी राजवट (१५८९–९१) : जमालखानाने इस्माईललाच गादीवर ठेवून त्याला महदवी पंथाची दीक्षा दिली व सर्व कारभार आपल्या हाती घेतला. शिया खुत्बा बंद करण्यात आला आणि महदवी मत राजधर्म म्हणून घोषित झाले. हे वृत्त कळताच देशाच्या निरनिराळ्या भागांतून महदवी अहमदनगरला येऊ लागले व त्यांतून जमालखानाला एकनिष्ठ सैन्य मिळाले. वेतन न स्वीकारण्याचा दंडक पाळणाऱ्या पंथाचे अनुयायी आता राज्याचे वेतनदार सैनिक बनले.

राजवट दोन्ही बाजूंनी संकटात होती. वऱ्हाडात कैदेत असलेला जुना वजीर सलाबतखान याला तेथील सरदारांनी मुक्त करून जमालखानाविरुद्ध उभे केले. पैठणजवळ जमालखानाने त्याचा पराभव केला. संत एकनाथांचे (सु. १५३३–९९) वास्तव्य असलेले पैठण ते हेच. वृद्ध सलाबतखान लवकरच मरण पावला. अहमदनगरजवळच्या डोंगरावरील त्याची तीन मजली कबर लोकांत ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते. त्याच सुमारास विजापूरची फौज चालून आली. दोन आघाड्यांवर लढणे अशक्य असल्याने जमालखानाने खंडणी देऊन व हुसेनची विधवा, जी विजापूरची राजकन्या होती, तिला माहेरी पाठवून तह केला.

रोहिणखेडची लढाई : आपला मुलगा गादीवर व सत्ता मात्र महदवींच्या हाती, हे पाहून बुऱ्हाणने राज्यावर स्वतःचा हक्क सांगितला. अकबराने देऊ केलेली मोगल फौज त्याने नाकारली. परकी सैन्य पाहून दख्खनचे लोक बिथरतील, असे त्याचे म्हणणे होते. वऱ्हाडमार्गे केलेला त्याचा पहिला प्रयत्न फसला. नंतर खानदेशचा राजा अलीखान आणि विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा हे दोघे त्याच्या साहाय्यास आले.

जमालखान प्रथम विजापूरकरांवर चालून गेला व धाराशिव येथे त्याने त्यांचा सेनापती दिलावरखान याचा पराभव करून अनेक हत्ती हस्तगत केले. तेथून तो वेगाने उत्तरेस वळला. मागे विजापूरचे घोडदळ त्याची रसद तोडत होते, पुढे बुऱ्हाण व राजा अलीखान ह्यांनी घाट रोखून धरला होता. ऐन उन्हाळ्यात पाणवठे शत्रूच्या ताब्यात गेल्याने सैन्य तहानेने व्याकूळ झाले. इस्माईलचा बाप हाच खरा वारस, हा विचार सरदारांत बळावला व अनेक जण सैन्यासह बुऱ्हाणला जाऊन मिळाले. जमालखानाजवळ मुख्यतः त्याचे पंथबंधू उरले. ७ मे १५९१ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे लढाई झाली. महदवींनी निकराचा हल्ला चढविला. परंतु गोळी लागून जमालखान ठार झाला आणि सैन्याची फळी मोडली. इस्माईल बापाच्या हाती सापडला व कैदेत गेला. हिजरी सहस्रक सुरू होण्यास तेव्हा पाच महिने अवकाश होता.

महदवींची कत्तल : अहमदनगरला येताच दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने (कार. १५९१–९५) शिया खुत्बा पुन्हा सुरू केला व महदवींना ठार मारण्याचा आदेश काढला. जे पळून जाऊ शकले ते गुजरात, विजापूर व दक्षिणेकडील प्रदेशांत गेले. ज्यांना ते शक्य झाले नाही ते मारले गेले किंवा श्रद्धा लपवून राहिले. हद्दपार झालेले परदेशी पुन्हा बोलाविण्यात आले. मात्र राज्य सावरले नाही. चौलजवळ पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत बुऱ्हाणची मोठी हानी झाली. १५९५ मध्ये तो मरण पावताच तट पुन्हा उफाळले व त्यांपैकी एकाने मोगलांना पाचारण केले. चांदबीबीने शौर्याने रक्षिलेला अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये पडला. दख्खनी व परदेशी ह्या दोन्ही तटांनी एकमेकांचे जे सैनिक व मुत्सद्दी मारले, त्यांची उणीव ह्या अखेरच्या संघर्षात भासल्याखेरीज राहिली नाही.

साधनांचे स्वरूप : ह्या राजवटीची माहिती प्रामुख्याने दोन फार्सी इतिहासांतून मिळते व ते दोन्ही विरोधकांचे आहेत. मुहंमद कासिम फिरिश्ता हा मूळचा इराणी असून निजामशाहीच्या सेवेत होता. कत्तलीच्या काळात तो अहमदनगरला होता. तेथून तो विजापूरला गेला व जमालखानाविरुद्धच्या युद्धात जखमी झाला. सय्यद अली तबातबा याचा बुऱ्हान-इ-मआसिर हा ग्रंथ तर विजेत्या बुऱ्हाणच्याच आश्रयाने लिहिला गेला. त्याच्या नावातील अक्षरांची बेरीज हिजरी १००० हे सहस्रकाचे वर्ष दर्शविते. जमालखानाच्या बाजूने लिहिलेला समकालीन राजकीय इतिहास उपलब्ध नाही. त्यामुळे त्याची धर्मश्रद्धा कितपत प्रामाणिक होती व दायऱ्यांतील साध्या अनुयायांनी ह्या राज्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, ह्या प्रश्नांची उत्तरे शत्रूंच्या वृत्तांतांतूनच शोधावी लागतात.

उत्तरकाळ : निजामशाहीतील पाडावाने पंथ संपला नाही. जेथे त्याने राज्यावर हक्क सांगितला नव्हता, तेथे तो तग धरून राहिला. पालनपूरचे नबाब ह्या पंथाचे होते. राजस्थान, गुजरात, कर्नाटकातील चन्नपटण आणि हैदराबाद येथे महदवींच्या वस्त्या टिकल्या. हैदराबादचे विख्यात वक्ते व इत्तेहादुल मुसलमीनचे नेते बहादूर यार जंग (१९०५–४४) हे महदवी होते. छळाचे प्रसंग मधूनमधून आले, तरी सवियत, झिक्र व दायरा ह्यांच्या स्मृती समाजाने जपल्या आहेत. आजचे महदवी हे शांतपणे आपले धर्माचरण करणारे असून त्यांचा सोळाव्या शतकातील राजकीय महत्त्वाकांक्षेशी संबंध नाही.

मूल्यमापन : अंतकाळाची घोषणा करणाऱ्या पंथांचा शेवट बहुधा त्यांच्या भाकितांच्या अपयशाने होतो, असे मानले जाते. जर्मनीतील म्यून्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी स्थापन केलेले ‘ईश्वराचे राज्य’ वेढा, उपासमार व कत्तल ह्यांत बुडाले, ह्याचे उदाहरण ह्या संदर्भात दिले जाते. महदवींच्या बाबतीत मात्र भाकिताचे अपयश पंथाने पूर्वीच पचविले होते. संस्थापकांच्या मृत्यूनंतर सात-आठ दशके तो वाढतच राहिला, कारण त्याने अंताची कल्पना बाह्य जगातून काढून माणसाच्या अंतःकरणात नेली होती. निजामशाहीत त्याचा नाश झाला तो ह्या शिकवणीमुळे नव्हे, तर तिच्यापासून दूर गेल्यामुळे. दख्खनी तटाच्या राजकारणाला पंथाने आपले नाव दिले आणि त्या तटाने केलेल्या कत्तलीचे पापही त्याच्या माथी आले. ज्यांनी परदेशीयांचे रक्त सांडले त्यांत सारेच महदवी नव्हते; परंतु सूड उगविला गेला तेव्हा ओळखता येण्यासारखे महदवीच होते. उलटपक्षी, सत्ता मिळण्यापूर्वीही गुजरात व बयाना येथे ह्या पंथाचा छळ झाला होता, हेही विसरता येत नाही. राजसत्तेला त्याच्या तलवारीइतकीच त्याच्या निरपेक्षतेचीही भीती वाटत होती.

रोहिणखेड येथे खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद आहे. ज्या गावाच्या रणभूमीवर नऊ वर्षांनी ह्या पंथाचे राज्य संपले, त्याच गावात त्याची ही वास्तू आहे.